नांदेडहून आणलेलं कॉन्स्टेलेशन

दोन वर्षांपूर्वी मी पहिलं ओमेगा कॉन्स्टेलेशन, म्हणजे जुनं स्विस मनगटी घड्याळ, घेतलं, ते डायलच्या चकाकीवर भाळून. घड्याळ साठ वर्षांचं आणि डायल काल छापल्यासारखं. तिथंच शंका यायला हवी होती, पण आली नाही. मुंबईतल्या एका विक्रेत्यानं व्हॉट्सॲपवर पाच फोटो पाठवले होते. पाचही समोरून काढलेले, झाकण उघडलेला एकही नाही. मी ६८,००० रुपये पाठवले आणि चौथ्या दिवशी कुरिअरनं घड्याळ संभाजीनगरला आलं.

गुलमंडीजवळच्या एका गल्लीत एक वयस्कर घड्याळजी बसतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. माझ्या वडिलांचं एचएमटी जनता वर्षानुवर्षं त्यांनीच चालतं ठेवलं. मी त्यांच्यापुढे घड्याळ ठेवलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग भिंग माझ्या हातात दिलं. “सर, अक्षरांच्या कडा बघा.”

बघितल्या. ‘क्रोनोमीटर’ या शब्दातली शाई कडांना किंचित पसरली होती आणि मिनिटांच्या रेघा काही ठिकाणी जाड तर काही ठिकाणी बारीक होत्या. जुनं डायल धुऊन त्यावर नव्यानं छपाई केलेली होती. मग चाचांनी झाकण उघडलं. मशीनवर आकडा होता ५६२. कॉन्स्टेलेशनच्या त्या मॉडेलमध्ये हवं ५६१. दोन्ही एकाच घराण्यातली, दोन्ही २४ ज्वेलची (ज्वेल म्हणजे घर्षण कमी करणारे बारीक खडे). पण ५६१ म्हणजे पाच स्थितींत आणि वेगवेगळ्या तापमानांत जुळवून, अचूकतेच्या तपासणीतून पास झालेलं क्रोनोमीटर मशीन, आणि तसं त्याच्यावर कोरलेलंही असतं. ५६२ हे ओमेगाच्याच सीमास्टर घड्याळात बसायचं. म्हणजे डायल एक सांगत होतं आणि मशीन दुसरंच.

पैसे परत मिळवायला दोन महिने लागले. “जुन्या मालाला गॅरंटी नसते,” हेच उत्तर प्रत्येक वेळी. पण ‘सगळं ओरिजिनल’ असं त्यानंच लिहून पाठवलेलं माझ्याकडे होतं. शेवटी १५ टक्के कापून बाकीची रक्कम आली. त्यामुळे सांगतो, जे काही कबूल करून घ्यायचं ते लेखी घ्या. फोनवरचं बोलणं नंतर कुणालाच आठवत नाही.

त्यानंतर चौदा महिने मी काहीच विकत घेतलं नाही, नुसतं बघत राहिलो. मिळेल तिथं डायल भिंगाखाली धरली. केसवर, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या डबीवर, पॉलिशचं यंत्र फिरलं की पट्टा अडकवायच्या कानांच्या धारा गोल होतात, हे डोळ्यात बसलं. पॉलिश केलेलं घड्याळ फोटोत फार देखणं दिसतं, पण गेलेला धातू पुन्हा येत नाही. मुंबईकडून आलेल्या बऱ्याच डायलांवर दमटपणाचे बारीक ठिपके दिसायचे. आपल्याकडच्या कोरड्या हवेत पडून राहिलेली घड्याळं त्या मानानं बरी वाटली. तेव्हापासून मी मराठवाड्यातल्या घरांतूनच शोधायचं ठरवलं.

ओळखीतून नांदेडच्या एका निवृत्त डॉक्टरांचा पत्ता लागला. त्यांचे थोरले भाऊ कुवेतला होते, त्यांनी आणून दिलेलं स्टीलचं कॉन्स्टेलेशन कपाटात पडून होतं. मी चाचांना विचारलं, याल का? ते म्हणाले, “झाकण उघडायचं सामान मी घेतो, तिकिटं तुम्ही काढा.” पहाटेच्या देवगिरी एक्सप्रेसनं निघालो. घड्याळाची चाल मोजणारा टाइमग्राफर त्यांच्या पिशवीत, मांडीवर. झोप लागली तरी पिशवीवरचा हात सुटला नाही.

डॉक्टरसाहेबांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. आधी मागची बाजू बघितली. झाकणावर वेधशाळेचा घुमट आणि वर आठ तारे, उठाव अजून शाबूत. झाकण फिरलं, आणि आत तांबूस गुलाबी मशीन. वर ५६१, क्रमांक आठ आकडी, २४ नं सुरू होणारा, म्हणजे साधारण १९६६च्या आसपासचा. झाकणाच्या आत मॉडेल क्रमांक १६८.००५, जो हवा तोच. डायल बारा पैलूंचं, कडेला उतार असलेलं, ज्याला संग्राहक ‘पाय-पॅन’ म्हणतात. चारच्या आकड्याजवळ मात्र कडेला एक तपकिरी डाग होता. काकू शेजारी उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, “आधी सांगितलं असतं तर साफ करून आणला असता.”

“नका काकू,” चाचा माझ्याआधीच बोलले. “त्याच डागासाठी आलोय आम्ही.”

डाग आहे म्हणजे डायलला कुणी हात लावलेला नाही. भिंगातून अक्षरं धारदार दिसली, एकही कड फुटलेली नव्हती.

टाइमग्राफरवर मात्र निकाल मध्यम आला. दिवसाला १८ सेकंद पुढे, ॲम्प्लिट्यूड, म्हणजे आतल्या डोलत्या चाकाचा झोका, २२५ अंश. तेल वाळलेलं होतं. चाचा म्हणाले, मशीन निरोगी आहे, फक्त सर्व्हिस हवी. कडेची, चावी द्यायची किल्लीही मूळ नव्हती. ओमेगाची दहा कोनी किल्ली जाऊन त्या जागी साधी गोल बसवलेली होती. या दोन गोष्टी समोर ठेवूनच भाव बोललो. डॉक्टरसाहेबांनी ९५,००० सांगितले होते, ८५,००० वर सौदा झाला. घासाघीस फारशी केली नाही, तसं करावंसंही वाटलं नाही. पैसे बँकेतून पाठवले. मशीनचा आणि केसचा क्रमांक, तारीख, दोघांच्या सह्या, असा एक कागद केला. माझा एक मित्र रोलेक्स डेटजस्ट बघतोय. त्याला सांगितलंय, दोन लाख किंवा त्यावर रोखीचं कुणी सुचवलं तर तिथून उठ, ते कायद्यात बसत नाही. आणि घड्याळ दहा लाखांच्या वरचं असेल तर दुकानदार एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीवेळीच गोळा होणारा आयकर, घेणारच, २२ एप्रिल २०२५ पासून ते लागू आहे.

निघताना डॉक्टरसाहेबांनी घड्याळ एकदा कानाशी धरलं. सेकंदाला साडेपाच ठोके, सलग, बारीक. “भाऊ रविवारी असंच ऐकायचा,” एवढंच म्हणाले आणि माझ्या हातात दिलं.

सर्व्हिसला तीन आठवडे आणि ४,५०० रुपये लागले. मेनस्प्रिंग नवी, गॅस्केट नवं, डायलला हात नाही. आता ॲम्प्लिट्यूड २७५ आहे आणि दिवसाला सहा सेकंद पुढे जातं. चालू झाल्यावर पहिला फोटो नांदेडला पाठवला. काकूंचा फोन आला, डाग तसाच का ठेवला म्हणून. समजावून सांगितलं, पण त्यांना पटलं की नाही कळलं नाही.

दहा कोनी किल्ली अजून मिळालेली नाही. पुण्यात एका जुन्या घड्याळजींकडे असल्याचं कळलंय. शनिवारी चाचांना घेऊन जातोय.