न लिहिलेल्या शस्त्रक्रिया

७ जून, रात्री

मृगाचा पहिला पाऊस झाला आणि लाईट गेले. इन्व्हर्टरवरच्या एका दिव्याखाली एप्रनच्या खिशातल्या जुन्या डायऱ्या चाळत बसलेय. इंग्लंडमधल्या एका बर्न्स युनिटमध्ये क्लिनिकल फेलोची (काम करत शिकणाऱ्या डॉक्टरची) जागा निघाली आहे, त्याचा अर्ज. नाव, पत्ता, पदव्या भराभर झालं. मग प्रश्न आला: भाजलेल्या किती रुग्णांना कातडी लावली? त्यांतल्या किती शस्त्रक्रिया स्वतः केल्या, किती वरिष्ठांच्या देखरेखीखाली, किती ठिकाणी नुसती मदत? सोबत सही-शिक्क्याचं लॉगबुक जोडा.

लॉगबुक आहे ते प्लास्टिक सर्जरीतल्या एमसीएचच्या तीन वर्षांचं. त्यानंतरची चार वर्षं म्हणजे या डायऱ्या. 'मान, आकस, मोठा.' 'पाय, फ्लॅप, काळा पडतोय?' (आकस म्हणजे भाजल्यावर आखडलेली कातडी, फ्लॅप म्हणजे रक्तपुरवठ्यासकट वळवून लावलेली.) बहुतेक ठिकाणी तारीख नाही, नाव तर नाहीच.

एका पानावर फक्त दोन शब्द आहेत: 'अंगठा. लागला.' तो माणूस मला लख्ख आठवतो. कडबाकुट्टीत उजवा अंगठा गेला होता. पोरानं दुधाच्या पिशवीत बर्फ भरून तो थेट त्यातच टाकून आणलेला. (ओल्या गॉजमध्ये गुंडाळून, कोरड्या पिशवीत बांधून, ती पिशवी बर्फात ठेवायची असते. हे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून लावावं असं मला कायम वाटतं.) केसाहून बारीक दहा-शून्य नायलॉननं मायक्रोस्कोपखाली धमनी जोडली, मग दोन शिरा. क्लॅम्प काढला आणि पांढराफटक अंगठा नखापासून हळूहळू गुलाबी होत गेला. ओटीतले (ऑपरेशन थिएटरमधले) मामासुद्धा टेबलापाशी येऊन बघत उभे राहिले. आठ तासांचं काम आणि माझ्याकडे त्याचा पुरावा दोन शब्दांचा.

आधीच्या हॉस्पिटलकडे ओटी रजिस्टरची नक्कल मागितली आहे.

१९ जून

एका एजंटचा फोन. 'मॅडम, स्पॉन्सरशिपसकट जॉब देतो, आधी अडीच लाख भरा.' ब्रिटनमध्ये नोकरी शोधून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घ्यायला कायद्यानंच बंदी आहे, आणि परवानाधारक स्पॉन्सरची, म्हणजे परदेशातून माणसं नोकरीवर आणू शकणाऱ्या संस्थांची, यादी तिथलं सरकार सगळ्यांसाठी खुली ठेवतं. एवढं सांगितल्यावर फोन कट झाला. ज्युनिअर पोरांना हे सांगून ठेवायला हवं. त्यांच्यातल्या एकाचे पैसे असेच बुडालेत.

आषाढी एकादशी

आज ओपीडी रिकामी. निम्मा जिल्हा पंढरपुरात. साबुदाण्याची खिचडी डब्यात तशीच राहिली आणि मी नवऱ्याला फोनवर सगळे रस्ते पुन्हा समजावून सांगितले. खरं तर स्वतःलाच सांगत होते.

अमेरिकेला जायचं तर यूएसएमएलई ही परवान्याची परीक्षा आणि मग बहुतेक रेसिडेन्सी, म्हणजे तज्ज्ञ होण्याचं प्रशिक्षण, पुन्हा पहिल्यापासून. साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन एमएस, तीन एमसीएच, मध्ये सरकारी सेवेचा बाँड एवढं झाल्यावर माझ्याच्यानं ते होणार नाही. जर्मनीत आधी भाषा, मग वैद्यकीय जर्मनची वेगळी परीक्षा, मग अप्रोबात्सिओन म्हणजे परवाना. आखातात डेटाफ्लो नावाच्या कंपनीकडून कागदपत्रांची पडताळणी झाली की काम तुलनेनं लवकर मिळतं, पगारही चांगला. पण माझ्यापर्यंत आलेल्या जाहिराती सगळ्या नाक, पोट, चरबी यांच्या. ते काम हलकं नाही, त्यालाही हात लागतो. मला मात्र भाजलेल्यांचं काम शिकायचंय.

म्हणून इंग्लंड. एमआरसीएस या तिथल्या सर्जनांच्या परीक्षेचे दोन्ही भाग झालेत, त्यामुळे जीएमसीच्या (तिथल्या मेडिकल कौन्सिलच्या) नोंदणीसाठी प्लॅब ही परदेशी डॉक्टरांची परीक्षा द्यावी लागत नाही. इंग्रजीची परीक्षा मात्र चुकत नाही. आयईएलटीएसला एकूण साडेसात आणि प्रत्येक भागात किमान सात लागतात, मला रायटिंगमध्ये साडेसहा पडले. मग ओईटी, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा, दिली. तिथे रुग्णाचं रेफरल पत्र लिहायचं असतं. ते आयुष्यभर लिहीत आलेय, चारही भागांत बी ग्रेड मिळाली.

नवऱ्याचा गोंधळ झाला तो 'स्पॉन्सर' या शब्दानं, आणि सुरुवातीला माझाही झाला होता. स्पॉन्सरशिप दोन असतात. एक जीएमसीच्या नोंदणीसाठी: एखादं रॉयल कॉलेज, म्हणजे तिथली तज्ज्ञ डॉक्टरांची संस्था, तुमच्या कामाची हमी घेतं. दुसरी व्हिसासाठी: नोकरी देणारं हॉस्पिटल सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप देतं. मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह नावाची योजना आहे, तिच्यात पहिली कॉलेजकडून मिळते आणि व्हिसासाठीची अकॅडमी ऑफ मेडिकल रॉयल कॉलेजेसकडून. जास्तीत जास्त चोवीस महिने, मग परत. मला परतच यायचंय, म्हणून ती योजना मनाला पटली होती, पण आमच्या विषयातली तशी जागा मला मिळाली नाही. आता साध्या फेलोच्या जागांना अर्ज करतेय. तिथे हॉस्पिटलच्या स्पॉन्सरशिपवर हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसा मिळतो, त्याची फी कमी आणि व्हिसाबरोबर भरायचा आरोग्य अधिभार माफ.

'म्हणजे घेतलं तर सगळं एका हॉस्पिटलच्या हातात?' त्यानं विचारलं. हो.

२४ जुलै

आधीच्या हॉस्पिटलचं उत्तर आलं. जुनी रजिस्टरं गोदामात आहेत, गोदामात पाणी शिरलंय. अनुभवाचं प्रमाणपत्र 'सहीसाठी वर ठेवलंय', त्याला आता सात आठवडे झाले. कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (डॉक्टरवर कारवाई झालेली नाही असा दाखला) तीनच महिने चालतं आणि माझं या वाट पाहण्यातच संपत आलंय. पुन्हा अर्ज, पुन्हा फी. मी त्या हॉस्पिटलात अडीच वर्षं रात्री-अपरात्री उभी राहिलेय. कुणाशी भांडायचं नाही, पण आज मनाला फार लागलं.

११ ऑगस्ट

एकतीस अर्ज झाले. चौदा नकार, बाकीच्यांचं उत्तर नाही. जाहिरात सकाळी उघडते, पुरेसे अर्ज आले की मुदतीआधीच बंद होते. मी ओटीत असते तेव्हाच नेमकी येते आणि जाते.

झोप लागेना म्हणून कावसजीची गोष्ट पुन्हा वाचली. आमच्या विषयातल्या प्रत्येकाला ती माहीत असते. हा मराठा शेतकरी, इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायला होता. १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला, त्यानं त्याचं नाक आणि एक हात कापला. पुण्याजवळच्या, विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका माणसानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक केलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या मापाचा करायचा, तो कपाळावर सपाट ठेवून रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवायची आणि दोन भुवयांच्या मध्ये एक पट्टी जोडलेलीच ठेवून ती खाली फिरवायची. रक्तपुरवठा त्या पट्टीतून चालू राहतो. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली, १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ती चित्रासह छापून आली, आणि वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, जोसेफ कार्प्यू या सर्जननी लंडनमध्ये ती करून दाखवली. कार्प्यूंनी १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं.

कावसजीचं नाव त्या मासिकात आहे, डॉक्टरांची आहेत. नाक करणाऱ्याचं नाव नाही. त्यानं आणखी किती नाकं केली, किती बिघडली, कुणाला शिकवलं, काहीच माहीत नाही. पूर्वी ही गोष्ट वाचून मला अभिमान वाटायचा. आज दोन शब्दांची ती डायरी डोळ्यांसमोर आली आणि घशाशी काहीतरी दाटलं.

गौरी जेवल्या त्या दिवशी

आज मुलाखत झाली. संध्याकाळी साडेपाचला, तिकडे दुपारचा एक. खाली मंडळाचा सराव सुरू होता, खिडक्या लावून घेतल्या तरी ताशा ऐकू येत होता. समोर दोन कन्सल्टंट आणि एक एचआरच्या बाई. तीस टक्के भाजलेल्या माणसाचं पहिल्या चोवीस तासांचं सलाईन कसं मोजाल, हा प्रश्न सोपा गेला. मग थोरल्या कन्सल्टंटनी विचारलं, 'तुमच्या हातून बिघडलेली एक केस सांगा.'

मी ऊसतोड कुटुंबातल्या पोरीची सांगितली. नऊ वर्षांची. जानेवारीत फडावरच्या कोपीत चुलीवरचं आधण मान-छातीवर सांडलं. मी मांडीची कातडी काढून लावली, ती पूर्ण धरली. पाचव्या दिवशी ड्रेसिंग उघडलं तेव्हा सिस्टरांनी मला पेढा दिला होता. डिस्चार्ज देताना कॉलर लावा, मालिश करा, पंधरा दिवसांनी या, असं सांगितलं. आईबापांनी मुकादमाकडून उचल घेतलेली, ते परत फडावर गेले. चौदा महिन्यांनी आजी तिला घेऊन आली. हनुवटी छातीला चिकटलेली, खालचा ओठ ओढून दात उघडे पडलेले, तोंडातून लाळ गळतेय. आजी म्हणाली, 'बाई, पोर आभाळ बघत न्हाई.'

'मग तुम्ही काय बदललं?' त्यांनी विचारलं.

मी रजिस्टर सुरू केलं. त्यात आईबापाच्या नंबरासोबत मुकादमाचा नंबर लिहिते, कारण हंगामात आईबापांचा फोन बंद असला तरी मुकादमाचा लागतो. पुढची तारीख पंधरा दिवसांची देत नाही. फड कुठल्या कारखान्याकडे आहे ते विचारते आणि तिथल्या जवळच्या दवाखान्याला पत्र देते. विकतची कॉलर परवडत नाही, म्हणून आमच्या फिजिओनं आणि एका चप्पल शिवणाऱ्या कारागिरानं मिळून फोम आणि चामड्याची कॉलर बसवली, पट्ट्याला भोकं पाडून. पोरीची मान मी पुन्हा सोडवली, पुन्हा कातडी लावली.

ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ते रजिस्टर बघायला आवडेल. मी कॅमेऱ्यासमोर धरलं. माझ्या हस्ताक्षरातली दीडशेच्या वर नावं.

तिकडे काय शिकायचंय, हेही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शस्त्रक्रियेनंतरचं सगळं. दुसऱ्या महायुद्धात प्लास्टिक सर्जन मॅकइंडो यांनी इंग्लंडमधल्या ईस्ट ग्रिनस्टेड गावात भाजलेल्या वैमानिकांवर शस्त्रक्रिया तर केल्याच, पण त्यांना गावात फिरायला पाठवलं, आणि गावानं त्यांच्याकडे टक लावून बघायचं नाही हे गावालाही शिकवलं. फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ एकाच वॉर्डात, एकाच फेरीत कसे काम करतात, तो रोजचा दिनक्रम मला आतून बघायचाय.

२ ऑक्टोबर

निवड झाली. दोन वर्षांची जागा. आईला फोन केला तर ती आधी म्हणाली, 'थंडी किती असते गं तिथं?' आणि मग बराच वेळ काहीच बोलली नाही.

आता टीबीचा दाखला, पोलीस क्लिअरन्स, आणि अनुभवाचं ते प्रमाणपत्र. शेवटी ते आलं, माझ्या नावात चूक असलेलं. दुरुस्तीला परत.

२१ ऑक्टोबर

सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप आलं. सर्टिफिकेट म्हणतात, पण प्रत्यक्षात तो एक नंबर असतो. आजपासून तीन महिन्यांत व्हिसाचा अर्ज करायचा. नंबर वहीत लिहिला, नवऱ्याला पाठवला, आणि ओपीडीला गेले.

बाहेर रस्त्यावरून ट्रॅक्टर चाललेत, ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं. फडाकडे. त्यातलीच एक ट्रॉली थांबवून आजी पोरीला घेऊन आली होती. ट्रॅक्टरवाला बाहेर हॉर्न वाजवत होता.

'बाई, पट्टा पडला की येतो,' आजी म्हणाली. म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये. तेव्हा मी इथे नसेन, हे तिला सांगितलं. दोन वर्षं शिकायला चाललेय, तोवर हे डॉक्टर बघतील, असं म्हणून ज्युनिअरला पुढे केलं. आजीनं त्याला खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं. 'ह्यांला सगळं लिहून दिलंय का?'

'दिलंय.' रजिस्टर उघडून तिला पान दाखवलं. तिला वाचता येत नाही, पण तिनं पोरीच्या नावावर बोट ठेवायला लावलं. खाली मुकादमाचा नंबर, कारखान्याचं नाव, पुढच्या भेटीच्या रकान्यात 'पट्टा पडल्यावर', आणि त्यापुढे ज्युनिअरची सही.

पोरीला म्हटलं, पंखा बघ. तिनं मान वर केली. मागच्या वेळी नजर पंख्याच्या पात्यांपर्यंत जात होती, आज वरच्या हुकापर्यंत गेली. मी कॉलरचा पट्टा एक भोक सैल केला आणि ते भोक कितवं, ते केसपेपरवर लिहिलं.