कुठली इलेक्ट्रिक सायकल घेऊ? तुम्ही विचारलंत म्हणून

सायकलला कुलूप लावत असले की कोणी ना कोणी थांबतंच. बहुतेक साठी ओलांडलेलं असतं. आधी सायकलीकडे बघतात, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे, आणि विचारतात, "ताई, आम्हीही घ्यावी म्हणतोय. कुठली घेऊ? तुमच्यासारखीच घेऊ का?" त्याला जोडून दोन प्रश्न ठरलेले: एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते आणि मोटर किती वॅटची आहे. मी उभ्या उभ्या काहीतरी सांगते आणि घरी आल्यावर चुटपुट लागते, कारण जे खरं सांगायला हवं होतं ते राहूनच गेलेलं असतं. म्हणून आज नीट सांगते.

मी ६९ वर्षांची आहे. सायकल घेतली तेव्हा ६६ची होते. गुडघे कुरकुरायला लागले होते, चढ आला की धाप लागायची, आणि साधी सायकल मी हळूहळू बाहेर काढेनाशी झाले होते. इलेक्ट्रिक सायकलीने मला रस्ता परत दिला. पण पहिल्या दिवशी मी जी पसंत केली होती तीच घेतली असती, तर ती आज कोपऱ्यात पडून असती.

मला सांगायचंय ते एवढंच: आपल्या वयात सायकल ती धावताना कशी वाटते यावर निवडू नका, थांबलेली असताना कशी वाटते यावर निवडा. चालत्या सायकलीला तोल धरायला वेगाचीच मदत असते. आपली फजिती होते ती चढताना, उतरताना, सिग्नलला पाय टेकताना, अरुंद जागेत वळवताना. आणि तिथे मोटर काहीच करत नाही, उलट तिचं वजन आपल्या विरोधात जातं. साधी सायकल १२-१५ किलोची असते. इलेक्ट्रिक सायकल सहसा २० ते २८ किलोची. कलणारी साधी सायकल मांडीने, कोपराने कशीतरी सावरता येते. पंचवीस किलोची एकदा ठरावीक कोनापलीकडे गेली की ती आपल्याला घेऊनच खाली जाते.

मला हे दुकानातच कळलं. मधली दांडी असलेली देखणी सायकल होती, बॅटरी नळीच्या आत लपवलेली. तरुणपणी टांग मारून बसायची सवय, तशीच मारली. उजवा पाय मागून नेताना चपलेची टाच कॅरिअरच्या कडेला अडली. पाय हवेत, सगळा भार डाव्या गुडघ्यावर, आणि सायकल सावकाश माझ्या अंगावर झुकायला लागली. काही क्षणांचाच खेळ, पण त्या क्षणांत मी हँडल घट्ट धरण्यापलीकडे काहीही करू शकत नव्हते. दुकानातल्या मुलाने मागून सीट पकडली म्हणून निभावलं. त्याने विचारलं, "चालवून बघता ना?" मी म्हटलं, "आधी मला हिच्यावर धड बसता येऊ दे."

म्हणून पहिली अट मधल्या दांडीची. आपण जिला लेडीज सायकल म्हणत आलो तशी खाली वाकलेली फ्रेम घ्या, पुरुषांनीही. पाय समोरून, मधून न्यायचा. जमिनीपासून ती जागा जितकी खाली तितकं बरं. आणि हे बघताना रोजची चप्पल किंवा बूट घालून, खांद्यावर नेहमीची पिशवी अडकवून बघा. गुडघा दुखणारे, कंबर आखडलेली, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले, सगळ्यांना मी हेच सांगते, कारण चांगल्या दिवशी पाय उचलला जातो म्हणून वाईट दिवशीही उचलला जाईल असं नाही.

दुसरी अट पाय टेकण्याची. इथे एक पेच आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकावेत इतकी सीट खाली घेतली, तर पायडल मारताना गुडघा फार वाकतो आणि पुढून, वाटीपाशी दुखायला लागतो. गुडघ्यासाठी सीट वर केली, तर थांबताना सीटवरून पुढे उतरावं लागतं. काही सायकलींत पायडलं सीटच्या खाली न ठेवता बरीच पुढे नेलेली असतात. त्यामुळे पाय पुरेसा लांब पसरतो आणि तरीही थांबल्यावर तळवे टेकतात. तोलाची भीती वाटणाऱ्यांसाठी ही रचना मला सगळ्यात मोलाची वाटते. ती मिळाली नाही तर सीट थोडी खालच्या बाजूलाच ठेवून सुरुवात करा, हात बसला की महिन्याभरात बोट-बोट वर न्या.

आता मोटरकडे येते, पण वॅट थोडे बाजूला ठेवून. मोटर कधी चालू होते आणि कधी थांबते, ते आधी विचारा. यामाहाने १९९३ मध्ये जपानमध्ये पायडलला साथ देणारी सायकल बाजारात आणली, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे: तुम्ही जोर लावा, मोटर त्यात भर घालेल. पण तुमचा जोर ओळखायच्या दोन तऱ्हा आहेत. एका प्रकारात पायडल फिरतंय की नाही एवढंच सेन्सरला कळतं. फिरलं की मोटर ठरलेली ताकद देते, तीही किंचित उशिराने, आणि पाय थांबवल्यावर बंदही किंचित उशिरानेच होते. दुसऱ्या प्रकारात तुम्ही पायडल किती जोराने दाबताय हे मोजलं जातं आणि तेवढ्याच हिशेबात मदत मिळते. त्याला टॉर्क सेन्सर म्हणतात.

हा फरक वाचून कळत नाही, अर्धा फेरा वळताना कळतो. पहिल्या प्रकारची सायकल मी मोकळ्या मैदानात चालवून बघितली. सरळ रेषेत मजा वाटली. मग जागच्या जागी मागे वळायला गेले. वेग अगदी कमी, हँडल पुरतं वळवलेलं, तोल राहावा म्हणून सवयीने पाऊण पायडल मारलं, आणि सायकल एकदम पुढे ओढली गेली. चाक वळलेलं असताना मागून ढकललं जाणं फार वाईट. पाय टेकला, घोटा थोडा मुरगळला, पडले नाही. टॉर्क सेन्सरच्या सायकलीवर तेच वळण घेतलं तेव्हा पाय जेवढा हलका, तेवढीच मदत हलकी. मी त्याच दिवशी ठरवलं. ज्यांना आधीच पहिल्या प्रकारची सायकल मिळाली आहे त्यांनी घाबरू नये. वळणाच्या आधी मदतीची पातळी शून्यावर किंवा एकवर आणावी, आणि ब्रेक दाबताच मोटर बंद होते ना हे तपासून बोट ब्रेकवर ठेवूनच वळावं.

थ्रॉटलबद्दल, म्हणजे पायडल न मारताही मोटर चालू करणाऱ्या मुठीबद्दल, मतं दोन्हीकडची ऐकू येतात. थांबलेल्या जागेवरून निघताना पहिलं पायडल मारायला गुडघा तयार नसेल, तर थ्रॉटल मोठा आधार आहे, हे मी मान्य करते. पण सायकल हाताने ढकलत नेताना मुठीवर नकळत दाब पडला की ती हातातून सुटते. उतरल्यावर आधी बटण बंद, मग ढकलणं, ही सवय अंगात मुरवा. ढकलण्यासाठी पुष्कळ सायकलींत चालण्याच्या वेगाची वेगळी सोय असते, ती ताशी ६ किलोमीटरच्या आत राहते. तळघरातून किंवा उतरत्या वाटेवरून सायकल वर आणायची असेल तर तिच्यासारखी सोय नाही. ती असल्याची खात्री करून घ्या.

वॅटचा प्रश्न आता. युरोपात २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरला मदत बंद, अशी मर्यादा असली तर ती गाडी सायकल मानली जाते. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत तीन वर्ग आहेत, ताशी ३२ किंवा ४५ किलोमीटरपर्यंत मदत देणारे. तुमच्या इथला नियम बघून घ्या. पण २५० वॅट ऐकून नाराज होऊ नका. सराव नसलेला माणूस सलग पायडल मारताना साधारण ७५ ते १०० वॅट काढतो. म्हणजे २५० वॅटमध्ये आपल्यासारखी दोन-तीन माणसं बरोबर पायडल मारतायत असं समजा. ताशी ४५च्या वेगाला थांबायला जी प्रतिक्रिया लागते ती मला माझ्या शरीरात आता दिसत नाही, आणि हे मी स्वतःशी प्रामाणिकपणे बोलून ठरवलंय.

मोटर कुठे बसवली आहे यानेही फरक पडतो. पायडलांपाशी मधोमध असेल तर वजन खाली आणि मध्ये राहतं, चढ छान चढतो. पण थांबण्याआधी गिअर हलका करायची आठवण ठेवावी लागते, नाहीतर निघताना पायडल हलता हलत नाही. मागच्या चाकात बसवलेले, उभ्या सायकलीवरही बदलता येणारे गिअर असले तर ही कटकट उरत नाही. मोटरच चाकात असली तर रचना साधी, पण पंक्चर झालं की वायर सोडवून, नट खोलून ते जड चाक काढावं लागतं. पुढच्या चाकातली मोटर मी टाळेन, कारण खडीवर किंवा ओल्या रस्त्यावर पुढचं चाक फिरून घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही.

किती किलोमीटर जाते? कागदावरचा आकडा विसरा. व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार करा, ३६ गुणिले १४ म्हणजे ५०४ वॅट-अवर. ही तुमची टाकी. सपाट रस्त्यावर मदत बेताची घेतली तर किलोमीटरला ८-१० वॅट-अवर लागतात, चढ, वारा आणि जास्तीची मदत असेल तर १५ आणि वरही. म्हणजे तीच बॅटरी कधी पन्नासच्या पुढे नेईल, कधी पस्तीसच्या आत संपेल. थंडीत आणखी कमी. आपल्यापैकी बहुतेकांची रोजची फेरी दहा-पंधरा किलोमीटरची असते, त्यामुळे फार मोठ्या बॅटरीचं वजन उगाच वाहू नका.

बॅटरी काढता येणारी हवी. तीन-एक किलो कमी झाले की उरलेली सायकल हलवायला सोपी जाते. कुलपाची किल्ली फिरवून, वाकून, दोन हातांनी ती काढून बघा. संधिवाताच्या बोटांना ती खाच जमते का हे दुकानातच कळायला हवं. चार्जर तिच्याबरोबर आलेलाच वापरा. आपटलेली, फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका, आणि घराबाहेर पडायच्या दाराशी ठेवून रात्रभर चार्ज करू नका. बरेच दिवस बाहेरगावी जाणार असाल तर अर्धी-पाऊण भरलेली, थंड कोरड्या जागी ठेवा. खरेदीच्या वेळी युरोपचं ईएन १५१९४ किंवा अमेरिकेचं यूएल २८४९ हे मानांकन आहे का ते विचारा. इथे काटकसर नको.

ब्रेक हायड्रॉलिक डिस्कचे, म्हणजे तारेऐवजी तेलाच्या दाबाने चालणारे घ्या, कारण ते दोन बोटांनी लागतात. माझ्या अंगठ्याच्या सांध्यात दुखणं आहे, तारेचा ब्रेक उतारावर दाबून धरणं मला जमत नव्हतं. आरसा लावाच. मान मागे वळवायला गेलं की हँडलही त्याच बाजूला वळतं, हे आपल्या वयातल्या कोणालाही विचारा. टायर दोन इंचांच्या आसपास रुंद असावेत.

एक मैत्रीण आली होती, तिला मधूनमधून चक्कर येते. तिच्यासाठी तीनचाकी योग्य होती, पण तिने पहिल्या दिवशी ती परत करायचं ठरवलं, कारण वळणावर ती उलटेल असं वाटलं. आयुष्यभर दुचाकी चालवलेलं शरीर वळताना कलायला बघतं, आणि तीनचाकी कलत नाही. वळणाआधी वेग खूप कमी करायचा, अंग वळणाच्या आतल्या बाजूला घ्यायचं आणि हँडलने वळवायचं, हे पाच-सहा दिवस मोकळ्या जागेत शिकावं लागतं. ती शिकली. आता ती सिग्नलला बसूनच राहते, पाय टेकायची गरजच नाही. तिच्या चेहऱ्यावरची ती निवांतता बघून मला भरून येतं.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच, आणि हेल्मेटशिवाय दारातूनही बाहेर नाही.

"पण मोटर असल्यावर व्यायाम कसला?" हाही प्रश्न येतो. मला तो लागतो, खरं सांगते. मदत कमी ठेवली की श्वास वाढतो, अंग गरम होतं, पायांना काम मिळतं. आणि साधी सायकल असताना मी आठवड्यातून एकदाही बाहेर पडत नव्हते, आता पाच दिवस पडते.

तर, "तुमच्यासारखीच घेऊ का?" माझ्यासारखीच घ्यायची की नाही ते माझ्या सायकलीवर बसून बघा. मी आनंदाने देईन. सीट तुमच्या उंचीला खाली करून देईन, मागून धरून उभी राहीन. फक्त बटण चालू करायच्या आधी दहा वेळा चढून उतरा, पाच वेळा डावीकडे, पाच वेळा उजवीकडे. मग दोन्ही पाय टेकून सीटवर बसा आणि हँडल सोडून बघा. तेवढं झालं की किल्ली तुमच्या हातात.