कोबीला धुरी

कॅरीहून लेक्सिंग्टन शंभरेक मैल. नॉर्थ कॅरोलायनातला ऑक्टोबर, रस्त्याच्या दोन्ही कडेला झाडं पिवळी-तांबडी झालेली. भाचा आधी आय-४० हायवेने, मग आय-८५ ने गाडी हाकत होता. त्याचं एकच पालुपद, "मावशी, तिथे मटण मागू नकोस हं. तिथे बार्बेक्यू म्हणजे डुकराचा खांदाच." मी जळगावकडची. घरात मटण-भाकरी व्हायची, डुकराचं कधी कुणी खाल्लं नव्हतं. पण या वयात कशाला नाही म्हणायचं?

गाव लहानसंच, पण चौकाचौकात डुकरांचे रंगवलेले पुतळे उभे. १९८४ पासून दर ऑक्टोबरात इथे बार्बेक्यूचा उत्सव भरतो. त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते म्हणून आम्ही मुद्दाम आधीच्या आठवड्यात गेलो. जुन्या कोर्टाची खांबांची इमारत बघितली. १९१९ च्या सुमाराला सिड वीव्हर नावाच्या माणसाने याच कोर्टासमोर तंबू ठोकून भाजलेलं डुक्कर विकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक कोण, तर तारखेला आलेली माणसं. हे ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमच्या कोर्टाबाहेरच्या मिसळीच्या गाड्या तरी कुणाच्या जिवावर चालतात?

हॉटेलात शिरायच्या आधीच भाच्याने मला मागच्या बाजूला नेलं. हिकरीच्या लाकडांची ही रास! लाकूड एका मोठ्या चुलाणात वेगळं जाळतात आणि पडलेले निखारे फावड्याने उचलून मांसाच्या खाली सारतात. ज्वाळा मांसाला लागूच देत नाहीत. आठ-दहा तास हेच चालतं. चरबी निखाऱ्यावर ठिबकते, तिचा धूर होतो आणि तोच परत वर मांसात मुरतो. मी तिथे उभी राहून नाकाने धूर ओढत होते. भाचा म्हणाला, "अगं मावशी, आत चल, लोक बघतायत."

आत वाढणारी बाई सगळ्यांनाच 'हनी' म्हणत होती. भाच्याने 'कोर्स चॉप्ड, आउटसाइड ब्राउन' मागवलं, म्हणजे जाडसर चिरलेलं आणि बाहेरचा काळपट, कुरकुरीत भाग जास्त. थोडक्यात, खरवड मागितली. कागदी ट्रेमध्ये एका बाजूला मांस, दुसऱ्या बाजूला लालसर कोबी, सोबत मक्याच्या पिठाची भजी. त्यांना हे लोक हशपपी म्हणतात. भाचेसून पोर्क खात नाही. तिने पहिला घास कोबीचाच घेतला आणि म्हणाली, "मावशी, ही तर कोशिंबीर आहे हो!"

होतीच. अमेरिकेत कोलस्लॉ म्हटलं की मेयोनीजमध्ये लडबडलेला गोडसर, पांढरा कोबी डोळ्यासमोर येतो. मला तो कधीच आवडला नाही. कोलस्लॉ हे नाव डच भाषेतून आलेलं, कोबीचं सॅलड एवढाच त्याचा अर्थ. मेयोनीज असलंच पाहिजे असं त्यात कुठेच नाही. लेक्सिंग्टनच्या स्लॉमध्ये व्हिनेगर, केचप, साखर, मीठ, मिरपूड आणि थोडं तिखट. कोबी अगदी बारीक, आपण पोह्यांवर घालायला कोथिंबीर चिरतो तसा. चरबीचा घास जिभेवर जड झाला की वर हा आंबट-तिखट कोबी, आणि जीभ पुन्हा कोरी. मांसावर जे पातळ आंबट पाणी शिंपडतात त्याला इथे 'डिप' म्हणतात. त्यातही व्हिनेगर आणि केचपच.

एक मात्र मला खटकलं. धूर सगळा मांसात, कोबीत त्याचा मागमूस नाही. खान्देशातल्या बाईला हे कसं पटावं? आमच्याकडे भरताचं वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजतात. गॅसवर भाजलेलं आणि काड्यांवर भाजलेलं भरीत कोणीही डोळे मिटून ओळखेल. परतीच्या वाटेवर मी जाहीर करून टाकलं, उद्या स्लॉ मी करणार.

पहिला प्रयत्न फसला. दुकानात धुराच्या अर्काची बाटली मिळते. भाच्याच्या आग्रहाने तिचे चार थेंब घातले, तर आख्ख्या भांड्याला जळक्या टायरचा वास सुटला. दुसऱ्यांदा मी अर्धा कोबी निखाऱ्यावर इतका भाजला की त्याची भाजीच झाली. चव बरी होती, पण दाताखाली कुरकुरेना. स्लॉ कुरकुरला नाही तर मांसाशेजारी वाढायचा तरी कशाला?

तिसऱ्यांदा जमलं. किलोभर वजनाच्या कोबीचे चार भाग केले. दांडा काढला नाही, नाहीतर पानं सुटून जाळीतून खाली पडतात. चारातला एकच भाग भाजायचा, बाकी तीन कच्चे. निखाऱ्यांवर हिकरीचा एक तुकडा टाकला, कोबीला तेलाचा हात लावला, कापलेल्या बाजू सहा-सात मिनिटं कडा काळ्या होईपर्यंत भाजल्या आणि वर झाकण घातलं. एक पिकलेला टोमॅटोही शेजारी भाजून घेतला, तेवढंच केचप कमी. काळ्या कडा काढू नका, सगळी गंमत त्यांच्यातच आहे.

तिखटासाठी चिपोटले. पिकलेली हालापेन्यो मिरची धुरावर वाळवली की तिची चिपोटले होते. मेक्सिकन दुकानात ती आंबट-तिखट सॉसमध्ये डबाबंद मिळते. दोन मिरच्या पुरे. त्या भाजलेल्या टोमॅटोबरोबर ठेचल्या, त्यात अर्धी वाटी अ‍ॅपल सायडर व्हिनेगर, पाव वाटी केचप, दोन चमचे साखर, चमचाभर मीठ, अर्धा चमचा जाडसर मिरपूड. वर टेक्सस पीटचे दहा-बारा थेंब. नाव टेक्ससचं, पण हा सॉस लेक्सिंग्टनपासून वीसेक मैलांवरच्या विन्स्टन-सेलमचा. चारही भाग बारीक चिरून त्यात कालवले आणि तासभर फ्रिजमध्ये ठेवले. लगेच वाढला तर व्हिनेगर नुसतं नाकात जातं.

भाच्याने अंगणात कोंबडीच्या तंगड्या भाजल्या. लेक्सिंग्टनहून बांधून आणलेलं दोन पाउंड पोर्क होतंच. त्याच्या ऑफिसातला एक शेजारी आला होता, जन्मापासून कॅरोलायनाचा. त्याने स्लॉ चाखला, थांबला, पुन्हा घेतला. "हे लेक्सिंग्टनचं नाही," म्हणाला, आणि तिसऱ्यांदा वाढून घेतलं. भाचेसुनेने तंगडीबरोबर दोन वाट्या संपवल्या, मग नाक पुसत ताकाचा ग्लास शोधायला लागली. तिखट जरा जास्तच झालं होतं, कबूल. एक चिपोटले पुरली असती.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या स्लॉला पाणी सुटलं होतं. कोबी पिळून मी थालीपीठात घातला. खाली राहिलेलं वाटीभर लाल पाणी ओतून देणार, तेवढ्यात भाच्याने वाटी हातातून काढून घेतली आणि गरम केलेल्या पोर्कवर उपडी केली.

"मावशी, अगं डिपच आहे हे. आणि धुराचं!"