आरोप पोरावर, मोठी माणसं मोकळी

मी डिचोलीला वकिली करते. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणं बाल न्याय मंडळापुढे चालतात. त्या मंडळापुढे, म्हणजे आमच्या भाषेत बोर्डापुढे, मी मुलांची बाजू मांडते. इथे लिहिलेल्या मुलाची ओळख पटेल असं काही सांगणार नाही. बाल न्याय कायद्याचं कलम 74 तशी मनाई करतं, आणि ते नसतं तरी सांगितलं नसतं.

पोर किनारपट्टीवर अमली पदार्थांच्या पुड्या पोचवताना पकडलं गेलं होतं. मुलाच्या घरची आणि आजूबाजूची परिस्थिती तपासणाऱ्या प्रोबेशन ऑफिसरचा सामाजिक तपास अहवाल 15 दिवसांत यावा लागतो, तो आला. शाळा सुटलेली. सावत्र बाप पट्ट्याने मारतो. पुड्या हातात देणारा ओळखीचाच मोठा माणूस, बदल्यात जेवण आणि थोडे पैसे. सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं. चर्चा मात्र एकाच गोष्टीवर चालली: पोराला घरी केव्हा सोडायचं. घरी म्हणजे त्याच पट्ट्यापाशी.

2015च्या बाल न्याय कायद्याचं कलम 8 पुन्हा पुन्हा वाचावं असं आहे. मुलाविरुद्ध गुन्हा घडला असेल तर पोलिसांना एफआयआर नोंदवायचा आदेश बोर्ड देऊ शकतं. मुलाकडून अमली पदार्थ वाहून नेले तर कलम 78 खाली 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानेच क्रूरपणे वागवलं तर कलम 75. पण बोर्डाचा हा अधिकार तक्रारीवर चालतो. आणि तक्रार करणार कोण? ज्याला रात्री त्याच घरात झोपायचंय ते पोर?

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत ही अडचण कायद्यानेच काढून टाकली. 2012च्या पोक्सो कायद्याखाली ज्याला कळलं त्याने पोलिसांना सांगायचंच, न सांगणं हाच गुन्हा. गोव्याचा 2003चा बाल कायदा तर फोटो धुऊन देणाऱ्यालाही सोडत नाही: मुलांची अश्लील छायाचित्रं दिसली तर त्याने पोलिसांना कळवायचं. आश्रयाला ठेवलेल्या मुलांचंच लैंगिक शोषण करणाऱ्या फ्रेडी पीट्सला 1991 साली अटक झाली तेव्हा मुलांचे असेच फोटो सापडले होते, हे इथल्या जुन्या माणसांना आठवत असेल. फोटो स्टुडिओवाल्याकडून एवढी अपेक्षा आहे. मग हातात अख्खा अहवाल असलेले आम्ही सगळे गप्प कसे राहतो?

कमावता माणूस आत गेला तर चूल कशी पेटेल, हे आईचं भय खरं असतं. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी पोराला बालकल्याण समितीकडे, म्हणजे संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची सोय पाहणाऱ्या समितीकडे, सोपवून सुरक्षित जागी ठेवायचं, तक्रार त्यानंतर. त्या प्रकरणात मी समितीकडे पाठवण्याची विनंती केली आणि पुडीवाल्याविरुद्ध वेगळा लेखी अर्ज दिला. एफआयआरचा आदेश झाला. सावत्र बापाचं प्रकरण समितीपुढे आहे. पोर आईला भेटतं, घरी राहत नाही.

प्रोबेशन ऑफिसरांना माझी कळकळीची विनंती आहे. 'घरचं वातावरण चांगलं नाही' एवढ्यावर थांबू नका. कोण मारतो, त्याचं पोराशी नातं काय, कधीपासून, अंगावर खुणा आहेत का, डॉक्टरांनी पाहिल्या का, हे लिहा. सरकारी वकिलाला उद्या मुलांविरुद्धचे गुन्हे चालवणाऱ्या गोव्याच्या बाल न्यायालयात त्याच ओळींवरून साक्षीदार शोधायचे असतात.