चुडी मोजा, मग भाताचा अंदाज बांधा

सरद भात, म्हणजे पावसाळी भात, यंदा किती पिकेल, ही चर्चा गोव्यात चवथीच्या आसपास रंगते. तेव्हा हातात करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. खरा अंदाज लावणीनंतर 30-35 दिवसांनी बांधायचा, कारण लोंब्या किती येणार हे तोवर जवळपास ठरलेलं असतं.

बांबूच्या काठ्यांची एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकट करा. बांधापासून तीन मीटर तरी आत जाऊन पाच ठिकाणी ती टाका. बांधालगतच्या चुडींना, म्हणजे एका जागी एकत्र लावलेल्या रोपांच्या झुबक्यांना, ऊन जास्त मिळतं, त्या मोजल्या की आकडा फुगतो. 20 बाय 15 सेंटिमीटरवर लावणी असेल तर चौकटीत 33 चुडी हव्यात. घाईत लावलेल्या शेतात 25-26 भरतात, आणि ही तूट पुढे कितीही खत घातलं तरी पूर्ण भरून निघत नाही. फुटवे, म्हणजे चुडीच्या बुडातून फुटलेल्या काड्या, मोजताना तीन पानं आलेलेच धरा, कोवळे बहुतेक सावलीत मरतात.

हिशेब असा: 26 चुडी, प्रत्येकी 12 फुटवे, म्हणजे 312. त्यातले तीन चतुर्थांश निसवतील, 234 लोंब्या. लोंबीला 90 दाणे, 80 टक्के भरलेले आणि हजार दाण्यांचं वजन 25 ग्रॅम धरलं तर चौरस मीटरला सुमारे 420 ग्रॅम, हेक्टरी 42 क्विंटल. बांध, लोळणारं पीक, कापणी-मळणीतली गळ यासाठी 15 टक्के वजा करा. माझ्या मते हेक्टरी 36 क्विंटल हाच भरवशाचा आकडा.

फुटवे कमी दिसले तर आधी जून आठवा. मृगात पेरलेला तरवा (वाफ्यातली रोपं) 21 ते 25 दिवसांचा असताना लागायला हवा. पावसाने ताण दिला आणि तो 40 दिवसांचा होऊन शेतात गेला, तर फुटव्याचा काळ वाफ्यातच निघून जातो. अशा वेळी चुडीत रोपं वाढवून अंतर कमी करणं एवढंच हाती असतं. उलट, जुलैच्या झडीत शेतात वीतभर पाणी साचून राहिलं तरी फुटवे अडतात. पाच सेंटिमीटर पाणी पुरे.

सड्याखालच्या (जांभ्या पठाराखालच्या) मळ्यांत आणखी एक गोष्ट पाहा. जुन्या पानांच्या शेंड्यांवर तांबूस ठिपके पडून ते खाली सरकत असतील तर चूड उपटून मुळं धुवा. मुळांवर गंजासारखा थर असला तर ती लोहाची बाधा आहे. शेत दोन-तीन दिवस सुकवा, पालाश द्या. नुसता युरिया इथे उपयोगाचा नाही. मधला पोंगा कांद्याच्या पातीसारखा पोकळ, चंदेरी निघाला तर ती गादमाशी या किडीची खूण. तो फुटवा लोंबी देणार नाही, मोजणीतून काढा.

खाजनाचं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारट शेतांचं, गणित वेगळं. उन्हाळ्यात भेगाळलेल्या मातीत वर आलेलं मीठ पहिल्या पावसाने विरघळतं, आणि ओहोटीला मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) पाणी सोडलं तरच ते बाहेर जातं. मातीच्या अर्काची क्षारता 3 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की दर एककाला भाताचं उत्पन्न साधारण 12 टक्क्यांनी घटतं. म्हणजे 5 वर जवळपास चौथा हिस्सा गेला. अशा ठिकाणी कोरगुट हा खारटपणा सोसणारा भात टिकतो, पण त्याला वरचा हिशेब लावू नका.

खताचा शेवटचा हप्ता कधी द्यायचा, हे दिवस मोजून ठरवू नका. जाड फुटवा बुडाशी ब्लेडने उभा चिरा. आत दोन मिलिमीटरचं पांढरं, पिसासारखं टोक दिसलं की दाण्यांची संख्या ठरू लागली. पाणी काढून हेक्टरी 20 किलो नत्र, म्हणजे सुमारे 43 किलो युरिया टाका आणि दुसऱ्या दिवशी पाणी परत घ्या. गाभेमर (खोडकिडीने वाळलेला पोंगा) किंवा करपा रोग दिसत असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करा, मगच युरियाच्या पोत्याला हात लावा.