साधे की पावर? तुम्ही विचारलंत म्हणून

‘गाडीत साधे पेट्रोल टाकू की पावर?’ हा प्रश्न कोणीच विचारला नाही, असा दिवस आमच्या फाट्यावरच्या गॅरेजात उगवल्याचे मला आठवत नाही. चेन कसून घ्यायला आलेला विचारतो, पंक्चर काढायला थांबलेला विचारतो, लग्नाच्या पंगतीत भाताची वाट पाहत बसलेला शेजारी विचारतो, आणि एकदा तर मयतीवरून परतताना एका गृहस्थांनी चप्पल पायात सरकवता सरकवता विचारले होते. मी ‘साधे टाका’ एवढेच म्हणून पान्याकडे वळतो. त्यावर, ‘याला काही माहीत नसावे, नाहीतर गाड्या बिघडलेल्याच याला परवडत असाव्यात,’ असे माझ्यामागे बोलले जाते, तेही माझ्यापर्यंत पोचले आहे. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

पंपाच्या पाटीवरचे ९१ किंवा ९५ हे आकडे ताकदीचे नाहीत. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल दाबले जाते तेव्हा ते तापते. प्लगची ठिणगी पडली की ज्योत तिथून निघून शेवटच्या कोपऱ्यापर्यंत शिस्तीत जायला हवी. ती पोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकले, तर चढावर टकटक ऐकू येते, ज्याला आपण ‘इंजिन नॉक करते’ म्हणतो. असे आपोआप न भडकता दाब सोसण्याची पेट्रोलची जी कुवत आहे, तिचा तो आकडा. आयसो-ऑक्टेन या द्रव्याला १०० गुण दिले, हेप्टेनला शून्य दिले, आणि ज्याचे वागणे ९१ भाग आयसो-ऑक्टेन व ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे, ते पेट्रोल ९१चे. तुमच्या शंभर सीसीच्या गाडीत मिश्रण साधारण नऊ-दहा पट दाबले जाते, आणि ते ९१ला निमूट सोसते. त्यात ९५ ओतले तर जास्तीची कुवत वापरायला त्या इंजिनाकडे साधनच नाही. आवाज ऐकून ठिणगीची वेळ मागेपुढे करणारा नॉक सेन्सर त्यात बसवलेला नसतो. म्हणजे लिटरमागे काही रुपये जास्त मोजून तुम्ही जे विकत घेता, ते न वापरताच धुराड्यातून बाहेर जाते. शिवाय पावर म्हणून मिळणाऱ्या प्रत्येक पेट्रोलात ऑक्टेन वाढवलेले असतेच असे नाही. इंडियन ऑइलच्या एक्सपी ९५ मध्ये आकडा नावातच आहे. पण नुसती इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायने घालून प्रीमियम म्हणून विकलेले पेट्रोलही आपण वर्षानुवर्षे ‘पावर’ म्हणूनच भरले आहे. ज्यांच्याकडे केटीएम ३९० सारखी बारा पटींच्या वर दाब असलेली गाडी आहे, त्यांनी कंपनीची पुस्तिका उघडून तिच्यात लिहिले असेल ते टाकावे. अर्थात ती मुले मला विचारत नाहीत, मलाच शिकवून जातात.

हे इतके सरळ असेल तर चिडायचे कशाला, असे तुम्ही म्हणाल. चिडण्याचे कारण हे, की एकेकाळी मी स्वतःच ‘पावर टाका’ म्हणून सांगत होतो, आणि ज्याला सर्वांत ठासून सांगितले तो माझा सख्खा मोठा भाऊ होता.

भाऊची गाडी २०११ची, कार्बोरेटरची (म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली), शंभर सीसी. तिच्यावर दोन माणसे, सोळा लिटरचा फवारणी पंप आणि वर ढेपेचे पोते हे नेहमीचे ओझे. २०२१च्या दिवाळीनंतर, कापूस वेचणी चालू असताना, भाऊ गॅरेजात आला आणि म्हणाला, “चढावर टकटक करते बे गाडी, पाह्य जरा.” मी चालवून पाहिली. गावाबाहेरच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये थ्रॉटल पिळला की पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवावेत तसा आवाज येत होता. आमच्याकडे ॲव्हरेज मिळावे म्हणून चढावरही टॉप गिअर न सोडण्याची खोड आहे. ती सोड, एवढे तरी मी त्याला बरोबर सांगितले. पण त्या दिवशी गॅरेजात पाच गाड्या उभ्या होत्या, आणि तालुक्याच्या पंपावर नुकतीच ९५ची पाटी लागली होती. मी म्हणालो, “ऑक्टेन कमी पडते. पावर टाकत जा, आवाज जाईल.”

आवाज गेला. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे झाले त्यावरून पेट्रोल खोटे होते असे कोणी समजू नये. ९५ने जे करायला हवे तेच केले. भाऊने चार लोकांत सांगितले की लहान्याने एका शब्दात गाडी दुरुस्त केली, आणि मला ते आवडले.

मार्चमध्ये गाडी सर्व्हिसिंगला आली. मी प्लग काढला. निरोगी इंजिनाच्या प्लगचे चिनीमातीचे टोक फिक्या तपकिरी रंगाचे असते, भाजलेल्या पोळीच्या कडेसारखे. हे टोक चुन्यासारखे पांढरे होते, आणि त्यावर मोहरीहूनही बारीक असे दोन-तीन चकचकीत ठिपके होते. आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही सांगता येईल की पांढरा प्लग म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, इंजिन आतून तापते आहे. आणि चकचकीत ठिपके म्हणजे पिस्टनचे ॲल्युमिनियम वितळून उडते आहे. मी तो प्लग बोटांत धरून बाकावर बसलेल्या दोन गिऱ्हाइकांना दाखवला, आणि म्हणालो, “बघा, पावर पेट्रोल किती स्वच्छ जळते.” ठिपके मला दिसले होते. ते कसले हे मी स्वतःला विचारले नाही.

मे २०२२च्या दुसऱ्या आठवड्यात भाऊ मुलीला घेऊन यवतमाळला निघाला. तिची टायपिंगची परीक्षा महिन्यावर आली होती आणि त्या दिवशी अर्जाचे काही काम होते. सकाळचे साडेअकरा वाजले असतील. आपल्याकडे मे महिन्यात त्या वेळेला डांबर टायरला चिकटते. बराच वेळ एकाच वेगाने चाललेली गाडी एका लांब चढाच्या माथ्यावर पोचली आणि पिस्टनने बोअर धरला, म्हणजे तो सिलिंडरला आतून घट्ट चिकटला. इंजिन जाम झाले की मागचे चाक जागच्या जागी थांबते, आणि क्लच दाबायला माणसाजवळ अर्धा सेकंद असतो. भाऊचा हात क्लचवर नव्हता. गाडी आडवी होऊन कडेच्या गिट्टीत घसरली. भाऊचा गुडघा आणि कोपर सोलले. मुलीने पडताना उजवा हात खाली टेकला, आणि तिच्या मनगटाची दोन हाडे मोडली.

मी छोटा हत्ती घेऊन पोचलो तेव्हा दोघे बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत बसले होते आणि कोणीतरी दिलेल्या पाण्याच्या बाटलीला रुमाल गुंडाळून ती मनगटाला लावलेली होती. पोरगी म्हणाली, “काकाजी, आता टायपिंगचं कसं?” मी म्हणालो, आधी दवाखान्यात चल. सहा आठवडे प्लास्टर होते. परीक्षा त्या खेपेला गेली. पुढच्या खेपेला तिने दिली आणि ती पासही झाली, पण मनगट अजून पूर्ण वळत नाही, आणि तास-दीड तास सलग टाइप केले की ती हात झटकते. तिला वाटते मला दिसत नाही.

इंजिन मी त्याच रात्री खोलले. पिस्टनच्या एका बाजूला नांगराने ओढाव्यात तशा उभ्या रेघा होत्या. ऑइल पुरेसे होते, जेट, म्हणजे कार्बोरेटरमधले पेट्रोल सोडणारे बारीक भोक, साफ होता. मग कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबर हातात घेऊन अंगठ्याने वाकवला, आणि त्याला खालच्या अंगाने बोटभर चीर उघडली. तिथून इंजिन एअर ओढत होते. गाडी स्टँडवर चालू ठेवून त्या रबरावर पिचकारीने पाणी मारायचे आणि इंजिनाचा सूर बदलतो का ते ऐकायचे, ही तपासणी दोन मिनिटांची आहे. दिवाळीनंतर मी ती केली नाही, कारण बाहेर पाच गाड्या होत्या. मार्चमध्ये केली नाही, कारण आवाज येतच नव्हता. तो यायला नको अशी व्यवस्था मीच करून ठेवली होती. टकटक हे त्या इंजिनाचे म्हणणे होते की माझ्या पोटात पेट्रोल कमी पडते आहे, आणि मी त्याच्या तोंडात बोळा कोंबला.

आता त्या वेळचा मी माझ्याशी वाद घालतो. तो म्हणतो, नॉकिंग स्वतःच पिस्टन खाते. साधे पेट्रोल चालू ठेवले असते तर तोच पिस्टन दिवाळीनंतर महिन्याभरात फुटला असता. त्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. कदाचित तसेच झाले असते. पण मग आवाज वाढत गेला असता, भाऊ दुसऱ्यांदा आला असता, आणि दुसऱ्यांदा मी रबर पाहिला असता, असे मी म्हणतो. तो विचारतो, पाहिला असतास कशावरून? मार्चमध्ये प्लग हातात होता तेव्हा काय पाहिलेस? इथे मी गप्प होतो. तेव्हा ‘साधे टाका’ हे माझे उत्तर निव्वळ शास्त्रातून आले आहे असे मी म्हणू शकत नाही. त्यात थोडी भीती आहे. निदान साध्या पेट्रोलावर गाडी तिची तक्रार तिच्या तोंडाने करील, असा त्यामागचा हिशेब आहे.

आणि तो हिशेबही आता डळमळला आहे, कारण साधे पेट्रोलच पूर्वीचे राहिले नाही. देशभरात १० टक्के इथेनॉलचे प्रमाण जून २०२२ मध्ये गाठले गेले, २० टक्क्यांचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून विक्रीला आले, आणि २०२५ पर्यंत नेहमीच्या नळीतून तेच येऊ लागले. इथेनॉलचे स्वतःचे ऑक्टेन १०८च्या आसपास असल्यामुळे साध्याचाही आकडा ९५च्या जवळ गेला आहे, असे पेट्रोलियम मंत्रालय सांगते. म्हणजे नॉकिंगसाठी पावर भरण्याचे उरलेसुरले कारणही गेले, असे मला छातीठोकपणे म्हणता यायला हवे. परंतु इथेनॉलच्या अंगातच ऑक्सिजन असतो, आणि जुन्या कार्बोरेटरचा जेट ठरलेल्या मापाचा असल्यामुळे मिश्रण पुन्हा हवेकडे झुकते. नव्या, पेट्रोल मोजून फवारणाऱ्या इंजेक्शनच्या गाड्यांतला ऑक्सिजन सेन्सर ते सांभाळून घेतो. २०११च्या गाडीला ती सोय नाही. भाऊच्या गाडीचा रबर वयामुळे चिरला, उन्हामुळे चिरला, की पेट्रोलात वाढत गेलेल्या इथेनॉलने त्याला सुकवले, हे तो रबर हातात घेऊन मी कितीदा तरी पाहिले आहे, आणि मला ठरवता आलेले नाही. तो अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. ॲव्हरेजचे विचाराल तर नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात दुचाकीला तीन ते चार टक्के फटका बसेल असा अंदाज दिला होता; म्हणजे साठ देणारी गाडी अठ्ठावन्नच्या आसपास देईल. पंचेचाळीसवर आलेली गाडी घेऊन माझ्याकडे येऊन इथेनॉलला शिव्या देणाऱ्यांनी आधी एअर फिल्टर काढून झटकावा.

याहून महत्त्वाचे मला कोणी विचारत नाही, ते म्हणजे पेट्रोल कुठून भरता. साध्या-पावरवर तासभर वाद घालणारा माणूस घाईच्या वेळी पानठेल्यावर लटकवलेली लिटरची बाटली बिनदिक्कत ओततो. तिच्यात रॉकेल असले तर ऑक्टेन कोणत्या पातळीला जाते ते विचारूच नका; ९१ आणि ९५ यांच्यातला फरक त्यापुढे काहीच नाही. पंपावर फिल्टर पेपर मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. नळीच्या तोंडाचा एक थेंब त्यावर टाका. शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जाते आणि मागे तेलकट डाग राहत नाही. मी हे सांगतो तेव्हा लोक मान डोलावतात आणि विचारतात, “ते ठीक आहे, पण साधे की पावर?”

भाऊने मला आजवर एका शब्दाने दोष दिलेला नाही. बोअर-पिस्टन टाकून गाडी परत दिली तेव्हा मी त्याला रबराची चीर दाखवली, माझी चूक सांगितली, पांढऱ्या प्लगचेही सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मंग आता कोनतं टाकू?” त्यात टोमणा नव्हता. त्याला खरोखरच माहिती हवी होती, आणि ती त्याला माझ्याकडूनच हवी होती. मी म्हणालो, साधे.

गेल्या वर्षी त्याने ती गाडी विकून नवी, इंजेक्शनची घेतली. परवा पंपावर रांगेत तो माझ्यापुढे तीन गाड्या सोडून उभा होता. त्याने नळीवाल्या पोराला सांगितले, “दोनशेचं पावर टाक.” तो टाकीचे झाकण लावून वळला तेव्हा मी दिसलो. मी नुसते पाहत होतो. तो जवळ आला आणि समजूत घालावी तसा म्हणाला, “अरे, पावर टाकलं होतं तवा आवाज त बंद झाला होता ना.”

झाला होता.