नववा प्रश्न आणि हरतालिका
गणपती उठून आठवडा झाला होता. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतले आमच्या अन्नटंचाई सर्वेक्षणाचे फॉर्म रोज रात्री टॅबवरून सर्व्हरवर चढायचे आणि सकाळी मी ते चाळायचे: मुलाखतीला किती मिनिटं लागली, 'माहीत नाही' कुणाकडे जास्त येतंय, कुणाची उत्तरं एका साच्यातली वाटतात. त्या दिवशी नवव्या प्रश्नापाशी अडले.

घरातली अन्नटंचाई मोजायची ही नऊ प्रश्नांची मोजपट्टी यूएसएड या अमेरिकी सरकारी मदतसंस्थेच्या पैशावर चाललेल्या फँटा प्रकल्पाची. आम्ही वापरतो ती २००७ची आवृत्ती. विचारायचं मागच्या चार आठवड्यांबद्दल. सुरुवात 'अन्न पुरेल की नाही अशी काळजी वाटली का' इथून, शेवट 'अख्खा दिवस-रात्र उपाशी काढली का' इथे. प्रत्येक 'हो'नंतर किती वेळा ते विचारायचं: एकदोनदा, तीन ते दहा वेळा की त्याहून जास्त. गुणांची बेरीज शून्य ते सत्तावीस. वर्गवारी मात्र बेरजेवर होत नाही. शेवटच्या तिन्हींपैकी एकालाही 'हो, एकदोनदा' आलं की घर थेट 'तीव्र अन्न-असुरक्षित'.

आणि इथे घरामागून घर तेच: पहिल्या आठांना 'नाही', नवव्याला 'हो'. काळजी नाही, ताट भरलेलं, मध्येच एक दिवस कडकडीत उपाशी! एखाद्या घरात चालून जातं, अख्ख्या गल्लीत नाही. दिल्लीहून लगेच मेल: फॉर्म घरबसल्या भरलेत, सर्वेक्षक बदला. खुर्चीवरच्या माणसाला पहिला संशय फील्डवरच्या मुलींचाच येतो.

ऑडिओ लावला. छापील प्रश्न होता, 'घरात पुरेसं अन्न नसल्यामुळे, गेल्या चार आठवड्यांत तुम्ही किंवा घरातल्या कुणी अख्खा दिवस आणि रात्र काहीही न खाता काढली का?' ऐकू आलं ते असं:

"महिनाभरात कधी दिवसरात्र काही न खाता राहिलात का, ताई?"

"हो तर! हरतालिकेला. पाणीसुद्धा नाही."

टिक.

मुलीनं खोटं काही केलं नव्हतं. इंग्रजीत 'अन्न नसल्यामुळे' हे वाक्याच्या शेवटी येतं, म्हणून कानात राहतं. मराठीत ते वाक्याच्या सुरुवातीला आलं. नऊ वेळा एकाच बाईच्या तोंडावर 'तुमच्या घरात अन्न नाही' म्हणायची विचारणारीलाच लाज वाटते, आणि दर फॉर्ममागे पैसे असले की जीभ आपोआप आखूड होते. मराठीचं पुन्हा इंग्रजी करून घेण्याची तपासणी आम्ही केली होती, त्यात प्रश्न स्वच्छ पास झाला. ती तपासणी कागदाची असते, तोंडाची नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अशाच आठ प्रश्नांतही 'पैशाअभावी' असंच जोडलेलं आहे, म्हणजे श्रावण-भाद्रपदात तिथेही हाच खड्डा.

प्रश्न दोन तुकड्यांत मोडला. आधी, 'राहिलात का?' हो असेल तर, 'कशामुळे?' पर्याय चार: उपवास, आजारपण, कामाच्या गडबडीत, अन्न किंवा पैसे नव्हते. मोजायचा फक्त शेवटचा. अर्धा दिवस मुलींकडून मोठ्यानं वाचून घेतलं आणि नवव्याला 'हो' आलेल्या घरी पुन्हा पाठवलं.

बहुतेक घरांत हरतालिकाच निघाली. दुपारी एकीचा फोन आला.

"मॅडम, या काकू सोमवार धरतात, गुरुवारही धरतात. म्हणतात, महिनाअखेरीला मला उपवास बरे पडतात, पोरांना पुरतं. काय टिक करू?"

फॉर्म एकच पर्याय घेत होता. मी म्हटलं, शेऱ्यात लिही, शब्द न् शब्द.

रात्री दोन पर्याय निवडता येतील असं केलं, पण त्यानं गणित सुटत नाही. त्या काकूंचं घर सध्या एका तक्त्यात सुरक्षित आहे, दुसऱ्यात तीव्र असुरक्षित. अहवालात कोणता तक्ता जावा यावर अजून मेल चालू आहेत.